बाबा असं म्हणाले होते

जरा इकडे सरकून बसा. आवाज चढवून सांगावी अशी ही गोष्ट नाही, आणि माझा आवाजही आता तेवढा राहिलेला नाही. सांगते म्हटलं आहे तर पुरती सांगेन. मध्ये थांबले तर थांबू द्या, दम खाऊन पुढे जाईन. कथेला बसल्यासारखे बसा, एवढंच. इथे बाजाची पेटी नाही, ढोलक नाही, आणि सांगणारी गादीवर बसण्याच्या लायकीची नाही.

गेल्या महिन्यात सान फर्नांडोला औषधाच्या दुकानात गुडघ्याच्या मलमासाठी रांगेत उभी होते. पुढे दोन बायका. एकीची सासू नुकतीच गेली असावी. ती म्हणाली, "दीर टोरांटोहून येईपर्यंत पंधरा दिवस जातील. दहाव्याला डोकं कसं भादरणार तो?" दुसरी लगेच म्हणाली, "त्यात काय! बिसेसर बाबा सांगून गेलेत ना, चाळीस दिवसांच्या आत केव्हाही चालतं. जिनं नऊ महिने पोटात ठेवलं, ती तीस दिवस थांबायला कंटाळेल का?" पहिलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय माणूस होता गं," ती म्हणाली. माझा नंबर पुकारला गेला, पुन्हा पुकारला गेला, मागच्या माणसानं खांद्याला हात लावला तेव्हा मी भानावर आले. मलम न घेताच बाहेर पडले. उन्हात उभी राहिले. कारण ते वाक्य आमच्या कथेकरी बाबांचं नव्हतं. ते माझं होतं. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, प्लास्टिकच्या झग्यात घामानं निथळत, इस्पितळाच्या बोळात उभं राहून मी ते रचलं होतं.

आमच्या कॅन्सरच्या विभागात किरणांचा शेक द्यायचं एकच मशीन होतं आणि ते चालवायला आम्ही सहा जण. त्या महिन्यात सहातले चार घरी तापानं पडलेले, नाहीतर कुणाच्या तापाची वाट बघत कोंडलेले. राहिलो मी आणि मार्वा. सगळं जग तोंड झाकून बसलं होतं, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तोंड उघडायलाच येत होता. जिभेचे, घशाचे, गालाचे रोगी. खोकणारे, थुंकीची वाटी हातात धरून बसणारे. त्यांच्या तोंडाशी वाकूनच आमचं काम. एक रोगी झाला की टेबल पुसायचं, दार उघडं टाकून हवा जाऊ द्यायची, वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं, मग पुढचा. त्या वीस मिनिटांत मला कधी झोप लागायची तर कधी बाबांचा आवाज ऐकू यायचा. कथेचे यज्ञ बंद होते, पण रविवारी बाबा आपल्या ओसरीत एकटेच बसून फोनवर कथा गायचे, आणि मी भांडी घासता घासता ऐकायचे. त्यांची एक रीत होती. कथेतला माणूस अडचणीत सापडला की बाबा गाणं थांबवत, साध्या आवाजात एक प्रश्न विचारत, आणि उत्तर न देता पुन्हा गायला लागत. तो प्रश्न आठवडाभर माझ्या अंगात मुरत राही. माझी आजी म्हणायची, या पोरीला भूक लागत नाही, हिला कथा लागते.

आमच्या कामात सगळं जाळीवर असतं. भोकाभोकांचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, रोग्याच्या तोंडावर ओढून बसवायचा, नाकाशी, हनुवटीशी, कपाळाशी बोटांनी दाबायचा. दहा मिनिटांत तो कडक होतो आणि त्या माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा तयार होतो. पुढचे सात आठवडे रोज त्या मुखवट्यानं त्याचं डोकं टेबलाला जखडायचं, म्हणजे शेक रोज नेमका त्याच जागी पडतो. चेहरा उतरला, सुजला, मुखवटा सैल झाला, की सगळा हिशोब चुकतो. म्हणून नियम असा, की जाळी बसवायच्या आधी केस बारीक कापून यायचं. सोनीलाल गोबिन आला तेव्हा न्हाव्यांची दुकानं सरकारनं बंद केली होती. डोक्यावर दोन बोटं जाड केस, तेल लावून मागे वळवलेले, कानाशी रुपेरी. मी त्याला परत पाठवायला हवं होतं. घरात कुणाच्यातरी हातून कापून घ्या, उद्या या, म्हणायला हवं होतं. मार्वानं विचारलंही, "दुलारी, हे जंगल असंच ठेवायचं?" बाहेर अकरा जण बसले होते. माझे पाय सुजले होते. मी म्हटलं, "राहू दे." केसांसकट जाळी ओढली. पुढचं सगळं त्या 'राहू दे'मधून आलं, असं मला आजही वाटतं, आणि कधी वाटतं की नाही, तसंही आलंच असतं.

सोनीलाल प्रिन्सेस टाऊनच्या रस्त्यावर मॅक्सी, म्हणजे भाड्याची छोटी बस, चालवायचा. बावन्न वर्षांचा, जिभेच्या मुळाशी गाठ. पस्तीस शेक ठरले होते. पहिल्या दिवशी जाळीचे खटके लावताना तो आतून म्हणाला, "दीदी, माझ्या गाडीतल्या पाशिंजरांना असं बांधता आलं असतं तर किती बरं झालं असतं." मार्वा म्हणाली, "तोंडसुद्धा बंद होतं, बघ. तुझ्या बायकोला एक देऊ का शिवून?" "बायको कुठली, ती मायामीला पळाली," तो म्हणाला. "आई आहे. तिला द्या, पण ती जाळीतूनही बोलेल." आई म्हणजे राजदई. पिनाल गावात मुलीजवळ राहायची, ऐंशीच्या पुढची. शेक सुरू झाल्यापासून आमच्या डॉक्टर हुसेननी त्याला गर्दी वर्ज्य केली होती, म्हणून हा आईच्या घरात जात नसे. रविवारी रस्त्यावर गाडी उभी करायचा. ती पातळ डाळ बाटलीत भरून कुंपणाच्या खांबावर ठेवायची आणि मागे सरायची, मग हा उतरायचा. दुरूनच भांडायची दोघं. "मिठानं झोंबते, आई!" "मग जिभेला सांग झोंबू नको म्हणून!" हे सगळं तो टेबलावर चढता चढता सांगायचा. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला बोलणं जमेना. तोंडात फोड आले, आवाज चाळणीतून गाळल्यासारखा झाला, तरी दिवसाला एक थट्टा व्हायचीच.

चौदावा शेक झाला त्या संध्याकाळी राजदई गेली. करोनानं. पाच दिवस इस्पितळात होती, कुणाला भेटू दिलं नाही. नदीकाठी चिता रचायला त्या दिवसांत बंदी होती. गॅसच्या भट्टीत दिली, तिथंही घरच्यांतल्या एकालाच जाऊ दिलं. बहिणीचा नवरा आत गेला. सोनीलालनं फोनवर बघितलं, आणि मधेच नेटवर्क गेलं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वेळेला, साडेदहाला आला. मला बातमी कळली होती. मी म्हटलं, "आज नसता आलात तरी चाललं असतं." तो म्हणाला, "खोटं बोलता, दीदी. नसतं चाललं. तुम्हीच सांगितलंय." मग टेबलावर पडून म्हणाला, "जाळी नीट लावा. हलायला नको." आम्ही दार लावून बाहेर आलो. पडद्यावर तो दिसत होता, पांढऱ्या जाळीखाली, अगदी स्थिर. मार्वा पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "बघ." जाळीच्या भोकांतून पाणी येऊन कानाकडे वाहत होतं. सबंध माणूस रडत होता आणि केसभरही हलत नव्हता. तीस वर्षं हे काम केलं, पण मशीन चालू असताना कुणाचं रडणं मी असं बघितलं नव्हतं. मार्वाचं चर्च बंद होतं. ती फेसशील्डच्या आत आपलं कुठलंसं भजन गुणगुणत होती, शील्डवर वाफ धरत होती.

त्यानंतरचे दिवस मला एकेक असे आठवत नाहीत. एकच लांबच लांब दिवस आठवतो, हातमोज्यांच्या वासाचा. एकविसावा शेक झाला आणि उठून बसत सोनीलाल म्हणाला, "उद्या दहावा आहे. उद्या दुपारी येईन, सकाळी डोकं करायचंय. मेव्हणा वस्तरा घेऊन येतोय." मी त्याची जाळी फळीवर ठेवत होते. हातातली जाळी हातातच राहिली. आतून तिला त्याच्या केसांचा आकार होता, दोन बोटं फुगलेला. तो आकार आता रिकामा राहणार होता, आणि त्या रिकाम्या जागेत डोकं हलणार होतं. मी डॉक्टर हुसेनकडे गेले. ते भिंतीला पाठ लावून उभ्यानंच काहीतरी खात होते. म्हणाले, "नवी जाळी, नवा स्कॅन, नवा आराखडा. आराखडा करणारा माझ्याकडे एकच उरलाय आणि त्याच्याकडे वीस जण रांगेत आहेत. नऊ-दहा दिवस शेक बंद पडेल. या गाठीला नऊ दिवसांची सुट्टी दिली तर आत्तापर्यंतचं सगळं पाण्यात जाईल, दुलारी. त्याला समजाव. तुझं ऐकतो तो."

नाही ऐकलं. बाहेरच्या बाकावर, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून, आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं, जाळीची चूक माझी होती तेही सांगितलं. तो मान हलवत राहिला. म्हणाला, "दीदी, तिला हात लावू दिला नाही. तोंडात पाणी घालू दिलं नाही. अग्नी बटणानं दिला, तेही कुणा परक्यानं दाबलं. माझ्याकडे राहिलं काय? हे." आणि त्यानं केस मुठीत धरले. "एवढंही तिला दिलं नाही, तर मी तिचा कोण?" एवढं बोलून त्याला ठसका लागला, वाटीत रक्त आलं. माझे वडील गेले तेव्हा माझ्या भावाचं डोकं झालं त्या ओट्यावर मी पाणी ओतत होते. ते थंडगार नवं डोकं बघून आईला पहिल्यांदा पटलं होतं की वडील गेले. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी त्याला म्हणत होते की थांबा. शेवटी म्हटलं, "बाबांना विचारते. बाबा म्हणतील तसं करा." तो एकदम शांत झाला. "विचारा," म्हणाला.

बोळात जाऊन मी बाबांच्या घरी फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा सुनेनं उचलला. ती रडत होती. "काल रात्री नेलं हो बाबांना. श्वासाची नळी घातलीय. बोलत नाहीत. तुम्ही प्रार्थना करा, मावशी." मी करते म्हटलं. फोन ठेवला. शेजारी मार्वा हात धूत होती, तिनं ऐकलं. त्या बोळात एक खिडकी होती, खाली पार्किंगमध्ये कुणीतरी चणे-पुरीचे डबल्स विकत होतं, संचारबंदी सुरू होण्याआधी संपवायची घाई चालली होती. मला भूक लागली होती. हे सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी बाबांच्या आधी मला भूक आठवली. मग परतले. बाकापर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत मी काही ठरवलं नाही, असं मी देवापुढे शपथेवर सांगू शकते. तोंड उघडलं आणि ते आलं.

"बाबांशी बोलले," मी म्हटलं. "म्हणाले, चाळीस दिवसांच्या आत केव्हाही चालेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडावर दोन मास्क, वर शील्ड. बघायला होते फक्त डोळे. मला वाटलं, एवढ्यावर पटणार नाही. आणि मग, ऐका, मी बाबांसारखी थांबले. त्यांच्यासारखा साधा आवाज काढला. म्हटलं, "बाबा म्हणाले, जिनं नऊ महिने पोटात ठेवलं, ती तीस दिवस थांबायला कंटाळेल का?"

"बाबा स्वतः बोलले?" त्यानं विचारलं.

"हो."

"आवाज कसा होता?"

"छान होता. नेहमीसारखा."

त्यानं मान खाली घातली. मग फोडांनी भरलेल्या तोंडानं जेवढं हसता येईल तेवढं हसला. "मग झालं," म्हणाला. "उद्या साडेदहाला येतो. मेव्हण्याला सांगतो, वस्तरा परत ने." तो गेला आणि मार्वा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "दुलारी, यासाठी तू नरकात जाणार ना?" मी म्हटलं, "बहुतेक." "मग माझ्यासाठी जागा धरून ठेव," ती म्हणाली. "मी ऐकत होते आणि गप्प बसले." आणि पुढच्याला हाक मारायला गेली.

पाचव्या दिवशी त्याचे मानेवरचे केस गळायला लागले. शेक तोंडातून शिरून मागून बाहेर पडतो, तिथले केस जातात, हे आम्हाला ठाऊक असतं. मी त्याला केव्हाच सांगितलेलं, तो विसरला होता. डोकं उचललं तर उशीवर झुपका. त्यानं तो उचलून उजेडात धरला. "दीदी, न्हाव्याचंही काम करता का तुम्ही?" मी जाळी फळीवर ठेवली. तो म्हणाला, "अर्धं तरी पोचलं तिला." गळलेले केस त्यानं रुमालात बांधून नेले. त्याच आठवड्यात बिसेसर बाबा गेले. त्यांनाही भट्टीतच दिलं. ज्या माणसाच्या पाठीमागे चार गावं चालत गेली असती, त्याच्याबरोबर एक मुलगा आणि दोन पांढरे झगे. मी त्या दिवशी सुट्टी घेतली नाही. मला बाबांसाठी रडू येईना. मनात सारखं एकच, आता विचारायला कुणी राहिलं नाही. मी केलं ते चाललं का, हे ज्यांना विचारायचं ते गेले, आणि जाताना माझं खोटं त्यांच्या नावावर राहिलं.

पस्तिसावा शेक जूनमध्ये झाला. एकही दिवस चुकला नाही. त्याच संध्याकाळी सोनीलालनं डोकं केलं, मला फोटो पाठवला. आईच्या तिसाव्या दिवशी. गाठ गेली, अजून तरी आलेली नाही. थुंकी तेवढी गेली कायमची, आता तो पाण्याची बाटली मांडीशी धरून मॅक्सी चालवतो. आणि चालवता चालवता तो सांगत राहिला. ज्याच्या घरी कुणी गेलं त्याला, ज्याचा मुलगा परदेशी अडकला त्याला. त्या दोन वर्षांत अडकलेले काय कमी होते! बाबा असं म्हणाले होते. नळी घालायच्या आधी, अगदी शेवटी, मला सांगून पाठवलं होतं, असं म्हणायचा. मी एकदोनदा तोंड उघडलं, मग मिटलं. काय सांगणार होते? ज्यांनी उशिरा डोकं केलं त्यांना, की तुमचं वाया गेलं? मी कथेला जाणं कमी केलं. पेटीचा पहिला सूर निघाला की पूर्वी माझ्या अंगावर काटा यायचा, आता मी उठून चपला शोधायचे. लोक म्हणाले, दुलारी दमली. दमले होतेच.

गेल्या शनिवारी सोनीलालनं आईच्या नावानं यज्ञ घातला, पिनालला. जायचं नव्हतं, पण त्यानं मॅक्सी दारात आणून उभी केली. दोनशे माणसं, अंगणात तंबू, केळीच्या पानावर प्रसाद. बाबांचा नातू गादीवर होता. विशीतला मुलगा, पण आवाज! तालाची लोखंडी सळई खणखणत होती, ढोलक लागला होता, आणि कितीतरी महिन्यांनी माझं मन सैल पडलं. अर्धी कथा होऊन गेली. मग त्यानं गाणं थांबवलं. साध्या आवाजात म्हणाला, "माझे आजोबा श्वासाला महाग झाले होते. तेव्हा एक मुलगा विचारायला आला..." आणि सुरात शिरला. त्यानं माझं वाक्य गायलं. चाल लावली होती त्याला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळा तंबू त्याच्याबरोबर गायला लागला. नऊ महिने. तीस दिवस. बायका डोळे पुसत होत्या. माझ्या शेजारची म्हातारी माझा हात धरून गात होती आणि तिच्यामुळे माझाही हात ठेक्यावर हलत होता. इतकं सुंदर काही मी कथेत ऐकलं नव्हतं. मी हात सोडवून उठले आणि तंबूमागे चुलींकडे गेले.

सोनीलाल मागून आला. बाटलीतलं पाणी तोंडात फिरवून म्हणाला, "धूर लागतोय का, दीदी?"

"सोनीलाल, मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. "त्या दिवशी बाबा—"

"नळीवर होते," तो म्हणाला.

तंबूत ठेका वाढला होता.

"त्या सकाळी तुमच्याआधी मीच फोन केला होता बाबांच्या घरी," तो म्हणाला. "दहाव्याचा मुहूर्त विचारायला. सून रडत होती. सगळं कळलं होतं मला. तुम्ही बोळातून येताना दिसलात, तेव्हा मी मनात म्हणत होतो, खोटं बोला, दीदी. काहीतरी बोला."

"मग विचारलंत कशाला, आवाज कसा होता म्हणून?"

"तुम्ही कुठवर येता माझ्याबरोबर, ते बघायचं होतं." तो पुन्हा पाणी प्यायला. "मला जगायचं होतं हो. पण आईला 'थांब' म्हणायचं माझ्या तोंडून निघालं नसतं. तुम्ही म्हणालात. तुम्ही मला फसवलं नाहीत. आपण दोघांनी मिळून तिला फसवलं."

"आणि हे?" मी तंबूकडे हात केला. "हे गातायत ते?"

"ते त्यांना लागतंय तोवर राहू दे," तो म्हणाला. आतून कुणीतरी त्याला हाक मारली, आरतीला मुलगा हवा होता, आणि तो गेला.

तेव्हा आता तुम्हाला सांगते. ते वाक्य तुम्ही कुठे ऐकाल, गायलेलं ऐकाल, तर दुरुस्त करू नका, ते माझ्या हातून केव्हाच गेलं आहे. बाबांची आठवण पुष्कळ जण काढतात, माझी काढायचं कारण नाही, आणि सोनीलाल आहे, भेटेल तुम्हाला रस्त्यावर. पण आमच्या दोघांच्या त्या करारात जिला कुणी विचारलं नाही, थांबशील का म्हणून, आणि जी खरोखर थांबली, तिचं नाव राजदई गोबिन. तिची तेवढी आठवण ठेवा.